सव्वा इंच

माझ्या दंडाचा घेर साडेदहा इंच आहे हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. तोवर कुणी विचारलं नव्हतं. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. तिथं दंड लागत नाही. शिक्का मारायला मनगट पुरतं, आणि तेही शिपायाचं चालतं.

दंड मोजायची वेळ आली ती एका शिलाई मशीनमुळं. आमची ही, नंदिनी, घरी ब्लाऊज शिवायची. मशीन वरच्या खोलीत असायचं. लाकडी बैठक आणि मोटर धरून सोळा-सतरा किलोचं धूड. वरच्या खोलीवर पत्रा आहे. होळी झाली की तिथं भट्टी होते, म्हणून ती उन्हाळ्यात मशीन खाली सोप्यात आणायची आणि पावसाळ्यात परत वर न्यायची. दर वर्षी विचारायची, "जरा मशीन खाली आणून देता का?" मी म्हणायचो, "रविवारी." रविवार यायच्या आत एखाद्या संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो की सोप्यात मशीनचा आवाज चालू असायचा. ते खाली कसं आलं हे मी कधी विचारलं नाही. सत्तावीस उन्हाळे गेले. मी ते मशीन एकदाही उचललं नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या. गॅसची नळी बदला. अंतराला रोज फोन करू नका, लेकीला कामं असतात. आणि मशीन वर्षाराणीला द्या. एवढ्यावर थांबली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण ती पुढं म्हणाली, "तुम्ही उचलू नका हां. कंबर जाईल. कुणाला तरी सांगा."

वर्षाराणी म्हणजे ज्ञानूची सून. ज्ञानू म्हशी पाळतो आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी दूध विकतो. ही पोरगी दोन वर्षं आमच्याकडं शिलाई शिकत होती. तिला मशीन द्यायला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती पुढच्या वाक्याला. माणसाला बायकोचं शेवटचं वाक्य आयुष्यभर पुरवायचं असतं, आणि माझ्या वाट्याला 'कंबर जाईल' आलं.

तेरावं झाल्यावर मी वर गेलो आणि मशीनला हात घातला. उचललं. दाराबाहेर एक पायरी उतरलो. गुडघे लटलट कापायला लागले तसा मशीनसकट मागं सरकत सरकत खोलीत आलो, आणि ते होतं तिथं ठेवलं. ज्ञानू खाली उभा होता. म्हणाला, "आण्णा, तालमीतली दोन पोरं बोलावतो की. दोन मिनटाचं काम हाय."

"पोरं नकोत."

"मग म्या येऊ?"

"तूही नको. मी आणणार आहे."

ज्ञानूनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. गाभण म्हैस विकत घ्यायची की नाही हे ठरवताना तो असंच बघतो. "बरं," म्हणाला. "कदी?"

हिची मैत्रीण शालूबाई, ज्या समोर राहतात आणि स्वतःही ब्लाऊज शिवतात, त्यांनी सांगितलं होतं की वर्षश्राद्ध होईपर्यंत तिची वस्तू घराबाहेर द्यायची नाही. म्हणजे मला अकरा महिने मिळाले. मी वर्षश्राद्धाचा दिवस जाहीर केला. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला मुदत मिळाली की काम झाल्यासारखंच वाटतं.

आता जिन्याबद्दल सांगायला पाहिजे. आमचा जिना अकरा पायऱ्यांचा. उभा, अरुंद. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा म्हणून लावलेला एक पाइप. वरून सातव्या पायरीपाशी भिंतीवर, उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा खाली, तळहाताएवढा एक काळपट डाग आहे. या डागानं माझी दहा वर्षं खाल्ली. तीनदा रंग दिला, तीनदा तो आतून वर आला. मी तो शेजारच्यांच्या न्हाणीची ओल म्हणून वॉर्ड ऑफिसात तीन अर्ज केले. तिन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडं आहेत. शेवटी एक ओव्हरसीअर आला, डागाला बोट लावलं, बोट चोळून बघितलं आणि म्हणाला, "पावणं, ही ओल न्हाय. चिकट लागतंय." मग मी रंगाऱ्याशी भांडलो. ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "असू दे की हो डाग. कुणाला दिसतोय तिथं?" मला दिसायचा.

असो. दंडाकडं येतो.

मंगळवार पेठेत ज्याला अंग कमवायचं आहे त्याच्यापुढं दोन रस्ते असतात आणि ते समोरासमोर आहेत. एका बाजूला आमची तालीम, तिचे वस्ताद हंबीरराव. वय पंचाहत्तर. कान दोन्ही मोडलेले. दुसऱ्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानावर मोहितची जिम. मोहित तिशीतला, व्यायामाचा डिप्लोमा केलेला, भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट. दंड दोन इंच वाढवायचा ठरवून मी दोन्हीकडं गेलो. एकाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही, असं आमच्या पेठेत चालत नाही.

हंबीरराव म्हणाले, "आण्णा, दोन इंच म्हंजे काय, लई सोपं. दूध प्या. कट्ट्यावर जायाचं, ज्ञानूच्या म्हशीचं धारोष्ण लिटरभर. सकाळी बदामाची थंडाई. बुधवार-रविवार मटण, आणि पांढरा रस्सा वाट्यानं न्हाय, तांब्यानं. श्रावणापत्तुर तुमचा दंड बघून वर्षाराणी भिईल."

मोहितनं आधी टेप काढून दंड मोजला. साडेदहा. मग काट्यावर उभं केलं. एकावन्न किलो.

"काका, आधी किती होतं?"

"साठ."

"नऊ किलो कुठं गेलं?"

मी काट्यावरून उतरलो. मग वही उघडून म्हणाला, "जेवता काय?"

"चहा."

"ते न्हवं, जेवायला."

"चहात खारी."

त्यानं ते खरोखर वहीत लिहिलं. मग विचारलं, "किती वाढवायचाय दंड?"

"दोन इंच. श्रावणापर्यंत."

मोहित स्टुलावर बसला. "काका, खरं सांगू का खोटं? खोटं सांगितलं तर तुम्ही वर्षाची फी भरशीला."

"खरं सांग."

"सुई न्हाय, गोळी न्हाय, नुसतं जेवण आणि व्यायाम, असं असंल तर पंचविशीतलं पोरगं पयल्या वर्षी जीव तोडून एक इंच वाढवतंय. लई झालं तर दीड. पुढच्या वर्षी त्याच्या निम्मं. ह्या भिंतीवर फोटो हायत न्हवं, त्यातल्या निम्म्यांचं मला माहीत हाय ते काय घेत होते, म्हणून मी ते काढणार हाय. तुमच्या वयात वर्षात अर्धा इंच आला तर पेढे मी वाटीन. गेलेलं वजन परत येतंय लवकर. नवं मांस रांगत येतंय."

"आणि ताकद?"

"ताकद आधी येती. पयले दोन महिने मांस वाढत न्हाय, तरी वजन जास्त उचलतंय माणूस. अंगाला उचलायचं कसं ते कळतंय म्हणून. आणि टेप लावू नका सारखा. मोजून वाढत न्हाय. सा महिन्यांनी मी मोजीन."

मला हा माणूस आवडला नाही. आपण दवाखान्यातून आलेलो असतो, आणि हाही डॉक्टरसारखाच बोलतो. मी जिममध्ये नाव घातलं, पण विश्वास हंबीररावांवर ठेवला. त्यांनी दोन इंच कबूल केले होते.

कट्ट्यावरचं दूध पहिल्या दिवशी फार चांगलं लागलं. ज्ञानूनं म्हैस समोर पिळली आणि ग्लास फेसासकट हातात दिला. आजूबाजूला कॉलेजची पैलवान पोरं उभी होती. मी त्यांच्यात उभा राहून मिशीला फेस लावून घेतला आणि आपण पेठेचे आहोत असं मला कितीतरी महिन्यांनी वाटलं. दुसऱ्या दिवशीही चांगलं लागलं. तिसऱ्या दिवशी पहाटे चारपासून सकाळी दहापर्यंत मी कुठं होतो ते सांगण्यासारखं नाही. ज्ञानूला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हशीचा दोष न्हाय." मी म्हणालो, दोष म्हशीचा आहे असं मी म्हटलेलं नाही. तरी पुढं आठवडाभर तो मला दूध देताना म्हशीची पाठ थोपटायचा.

मोहितनं हिशेब ऐकवला. लिटरभर म्हशीच्या दुधात प्रोटीन चाळीस ग्रॅम आणि चरबी सत्तर ग्रॅम. "दंडाला जाणार तेवढंच जाईल काका, बाकीचं पोटाला जाईल. अर्धा लिटर करा, तीन अंडी घ्या, मटकी, हरभरा, दही. दिवसाला सत्तर ग्रॅम प्रोटीन झालं तर तुम्हांला बास." एवढ्यावर मिटलं असतं. पण मी विचारलं, "आणि पांढरा रस्सा?"

"काका, रस्सा म्हंजे नारळाचं दूध आणि पाणी. दंड पायजे तर फोडी खावा. रस्सा कितीबी प्या, मांस चढत न्हाय."

कोल्हापुरात रश्श्याला पाणी म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. हे वाक्य संध्याकाळच्या आत तालमीत पोचलं. कुणी पोचवलं ते मी सांगणार नाही, मला राहवलं नाही एवढंच. हंबीरराव जिना चढून जिममध्ये आले. जिम निघाल्यापासून पहिल्यांदा रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "रश्श्याला पाणी म्हणतोस? तुझ्या आज्ज्यानं माझ्यासंगं पंगतीला अकरा वाट्या पिल्यात."

मोहित म्हणाला, "म्हणूनच त्यांस्नी शुगर झाली, वस्ताद."

दोघांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. मी मात्र दोन्हीकडं जात राहिलो. सकाळी जोर-बैठका, संध्याकाळी डंबेल.

एक गोष्ट खरी की मी स्वयंपाक शिकलो. अंडी उकडणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिली सहा अंडी पातेल्यात फुटली, पुढची सहा मी विसरलो आणि पातेलं गेलं. मोड आलेली मटकी चार दिवस फडक्यात तशीच राहिली, तिला पानं फुटली. शालूबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, खायाचीय का लावायचीय?" पण महिन्याभरात मला उसळ जमली. एका दुपारी मी ताट वाढून घेतलं, खाली बसलो, आणि लक्षात आलं की ती गेल्यापासून ताटात वाढून मी आज पहिल्यांदा जेवतोय. एवढे महिने ओट्यापाशी उभ्यानं खात होतो.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. पेन्शन चालू ठेवायची तर आपण जिवंत आहोत असं दर वर्षी मशीनवर बोट लावून सांगावं लागतं. माझ्या बोटांना डंबेलचे घट्टे पडले होते. अंगठा लावला, जुळत नाही. तर्जनी लावली, जुळत नाही. दहाही बोटं झाली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही हयात दाखवत न्हाय."

"मी समोर उभा आहे की."

"उभा हाय ओ. पण सिस्टीमला दिसायला पायजे."

मला त्यांचा राग आला नाही. एकतीस वर्षं मी हेच केलं. समोर रडणाऱ्या माणसाला मी सांगितलंय की तुमचा अर्ज आवक झाला नाही, म्हणजे तुम्ही आला नाही. मग त्यांनी कॅमेऱ्यावर चेहरा लावून बघितला. नऊ किलो कमी झाल्यामुळं चेहराही आधारच्या फोटोशी जुळला नाही. शेवटी साहेब बाहेर आले, त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "ह्या वयात हमाली करता?"

मी मान ताठ ठेवून म्हणालो, "व्यायाम करतो."

"मग पंधरा दिवस बंद करा. हाताला लोणी लावा. घट्टे गेले की हयात व्हाल."

हिच्या मृत्यूचा दाखला मला एका दिवसात मिळाला होता. माझ्या हयातीच्या दाखल्याला एकोणीस दिवस लागले.

जानेवारीत माझा धीर सुटला. मोहित सहा महिने मोजणार नव्हता. मी हिच्या शिलाईच्या डब्यातून तिची टेप काढली. पिवळी, कापडी, मऊ झालेली. वर मशीनपाशी उभं राहून दंडाभोवती गुंडाळली आणि आकडा वाचला. पावणेबारा. चष्मा पुसून परत वाचला. पावणेबारा. ऑक्टोबरात साडेदहा होता. सव्वा इंच!

मी तसाच तालमीत गेलो. हंबीररावांनी दंड दाबून बघितला आणि डोळे मिटून म्हणाले, "दूध." ज्ञानू म्हणाला, "म्हशीचं नाव घ्या, वस्ताद, नुस्तं दूध काय?" रस्ता ओलांडून मोहितला सांगितलं. त्यानं हातातलं डंबेल खाली ठेवलं.

"शक्य न्हाय, काका."

"शक्य नाही म्हणजे? मी मोजलंय."

"माझ्या टेपनं मोजूया चला."

"तुझ्या टेपला काय सोनं लागलंय?" मी म्हणालो. "तुला श्रेय मिळत नाही म्हणून तू असं बोलतोस." हे मी त्याला बोललो. माझ्याकडून चार महिने फी घेऊन ज्यानं मला रोज खरं तेच सांगितलं होतं, त्याला. तो म्हणाला, "बरं काका." मी जिम सोडली.

पुढं सगळं पेठेनं हातात घेतलं. कट्ट्यावर रिटायर लोकांची रांग लागली. वजनदार माणसं दूध पिऊ लागली, ज्यांना दुधाची काही गरज नव्हती. हनुमान जयंतीला तालमीचा वाढदिवस असतो. त्या दिवशी माझा सत्कार ठरला आणि चौकात पंधरा फुटी डिजिटल बोर्ड लागला. 'बासष्टाव्या वर्षी तीन महिन्यांत सव्वा इंच! पेठेचा वाघ आण्णा.' फोटो माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभातला घेतला होता. त्यात माझ्याशेजारी ही उभी होती. पोरांनी तिला कापून टाकली, पण नीट कापली गेली नाही. माझ्या कोपरापाशी तिची तीन बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या राहिल्या होत्या. मी रोज फिरायला त्या चौकातून जायला लागलो. लोकांना वाटलं आण्णाला चढलंय.

सत्काराच्या संध्याकाळी चौक भरला होता. हंबीररावांनी माइक घेतला. "काही लोक म्हणत्यात खोटं हाय." मोहित लांब पानपट्टीपाशी उभा होता. "म्हणून आज समद्यांसमोर मोजायचं. मोजायला माप घेणारं माणूसच पायजे. शालूबाई, या वर."

शालूबाई पदर खोचून स्टेजवर आल्या. मी खिशातून हिची टेप काढून दिली. त्यांनी ती हातात घेतली, सवयीनं टोकावरून अंगठा फिरवला आणि थांबल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, आणि माइक हंबीररावांनी त्यांच्या तोंडापाशीच धरला होता, "भावजी, ही नंदाची टेप न्हवं? हिचा पयला इंच तुटलाय की! नंदा समद्या मापात एक इंच कमी धरायची. तुमास्नी म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. त्या टेपनं माझ्या घरात हजारो ब्लाऊज मापले गेले. पेठेतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मला नव्हतं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मंजे आण्णा, पाव इंच!" आणि जे हसणं झालं ते कळंब्यापर्यंत गेलं असेल. शालूबाई बिचाऱ्या म्हणत होत्या, "पाव इंच बी काय कमी न्हाय," आणि माइक तेही सगळ्यांना ऐकवत होता. सत्काराचा नारळ मला दिलाच. फेटाही बांधला. फेटा बांधून घरी चालत जाताना आपण किती उंच दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

बोर्ड आणखी नऊ दिवस होता. परवानगी तोवरची होती.

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी जिमचा जिना चढलो. मोहित फरशी पुसत होता.

"मी चुकलो," मी म्हणालो.

"बूट बाहेर काढा काका, ओलं हाय," तो म्हणाला. मग टेप घेऊन आला. "आता सा महिने झाले. मोजायचं माझ्याकडं हाय." पावणेअकरा. वजन पंचावन्न. "ऑक्टोबरात दोन्ही हातांत मिळून किती उचलत होता?"

"सहा किलो." त्यानं दोन्ही हातांत नऊ-नऊचं डंबेल दिलं, मी उचललं.

"आणि आता अठरा. दंड पाव इंचच हाय. मी काय म्हणलो होतो?" पेढे मात्र त्यानं काढले नाहीत. अर्ध्या इंचाला पेढे ठरले होते. माणूस शब्दाला पक्का.

मग उरलेले चार महिने मी काही बोललो नाही. दूध अर्धा लिटर, तीन अंडी, उसळ, बुधवारी-रविवारी फोडी. रस्साही प्यायचो, पण दंडासाठी नाही. अंतरा पुण्याहून फोन करायची, "बाबा, जेवलात का?" आणि मी काय जेवलो ते सांगू शकायचो. आधी मी विषय बदलायचो.

वर्षश्राद्ध झालं. भटजी गेले, जेवणं झाली. अंतरा आतली भांडी आवरत होती. वर्षाराणी सोप्यात अंग चोरून उभी होती. ज्ञानूनं टेम्पो आणला होता. हंबीरराव आले होते, मोहितही आला होता, आणि दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले होते. मी म्हणालो, "आणतो," आणि वर गेलो. मागून अंतरा म्हणाली, "बाबा, आई काय म्हणाली होती?" मी ऐकलं नाही असं केलं.

मशीनला खालून हात घातले, मोहितनं शिकवलं तसं गुडघे वाकवले, पाठ सरळ, आणि उठलो. मशीन उठलं. छातीशी घट्ट धरून मी ते उंबऱ्यापर्यंत आणलं, आणि गुडघे कापले नाहीत. मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की जिन्याच्या तोंडाशी येऊन मी खाली बघितलं.

पाय दिसत नव्हते. मशीनच्या पुढं काही दिसत नव्हतं. दोन्ही हात गुंतलेले, पाइप धरायला हात नाही. पायरी टाचेएवढी. मी एक पाऊल पुढं केलं आणि परत मागं घेतलं. ताकदीचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षांचा पैलवानही ते उभ्यानं उतरवताना विचार करेल असा तो जिना आहे.

खालून सल्ले सुरू झाले. हंबीरराव: "खांद्यावर घ्या, खांद्यावर!" मोहित: "काका, खांद्यावर न्हाय, खाली ठेवा, मी येतो." हंबीरराव, त्या भांडणानंतर पहिल्यांदा मोहितला उद्देशून: "तू बस की. तुला काय कळतंय?" ज्ञानू: "दोरी आणू का?" अंतरा: "बाबा, ठेवा ते खाली!" मी ठेवत नव्हतो. ठेवलं असतं तर कुणीतरी वर आलं असतं आणि दोन मिनिटांत काम झालं असतं. हात भरून यायला लागले.

शालूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "भावजी, बसा की! उभ्यानं काय आणतासा? नंदा बसून आणायची!"

"बसून म्हणजे?"

"मंजे बसून! मांडीवर घ्यायची आणि एकेक पायरी खाली सरकायची. वर नेताना बी तसंच, उलटं. म्या बघितलंय न्हवं. अर्धा घंटा लागायचा तिला."

मी बसलो. वरच्या पायरीवर बसलो, मशीन मांडीवर घेतलं, पाय खालच्या पायरीवर टेकवले आणि सरकलो. एक. मशीन जरा उचलून धरायचं, मग आपण सरकायचं. दोन. धोतर अडकत होतं. श्राद्धाचं नेसलेलं होतं, ते आधी बदलायचं सुचलं नाही. तीन. मोहित खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला, पण हात लावला नाही. चार. पाच. हे काम अवघड होतं. मांड्या भरून आल्या, दंड भरून आले, आणि मी दहा महिने तयारी केली होती. ती बेचाळीस-पंचेचाळीस किलोची. तिनं कुठली तयारी केली नव्हती. सकाळी स्वयंपाक केला होता, धुणं केलं होतं, मला डबा दिला होता.

सातव्या पायरीवर दम लागला. पुढं जाईना. मी म्हणालो, "जरा थांबतो," मशीन मांडीवर धरलं आणि डोकं बाजूला भिंतीला टेकवलं.

टेकवलं आणि मला कळलं मी कुठं टेकवलंय.

मी मान वळवून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. भिंतीला अजून हिच्या केसांच्या खोबरेल तेलाचा वास येत होता, तीन रंगांच्या आतून. खाली हंबीरराव मोहितला हळू आवाजात विचारत होते की बसून उतरायला कुठला व्यायाम लागतो. शालूबाई म्हणाल्या, "भावजी, काय झालं? घेऊ का?"

"नको," मी म्हणालो. "चार राहिल्यात. आणतो सावकाश."